वहीतली संकेतस्थळे

बीड जिल्ह्यात संकेतस्थळ बांधायला शिकलेल्या पहिल्या विद्यार्थ्यांनी आपली पाने शाईने लिहिली. आजच्या वाचकाला हे विचित्र वाटेल, पण ज्याने विज्ञान शाखेचे प्रॅक्टिकल जर्नल भरले आहे त्याला नवल वाटणार नाही. त्या वहीचे उजवे पान रेघांचे असते, डावे कोरे. उजवीकडे कृती लिहायची, डावीकडे आकृती काढायची. बेडकाच्या पचनसंस्थेसाठी आखलेली ही वही बीसीएस, बीसीए असे अभ्यासक्रम आले तेव्हा तशीच संगणकाच्या प्रयोगशाळेत गेली. उजव्या पानावर निळ्या शाईने एचटीएमएलच्या ओळी आल्या. डाव्या पानावर पट्टी लावून एक चौकट, आणि चौकटीत पेन्सिलीने ‘आउटपुट’, म्हणजे पडद्यावर जे दिसायला हवे ते.

अशा सतरा वह्या माझ्याकडे आहेत. बहुतेक बीड, अंबाजोगाई आणि माजलगावच्या रद्दीवाल्यांकडून आलेल्या, दोन घरांतून मागून घेतलेल्या. मुखपृष्ठावरच्या चिठ्ठीप्रमाणे सर्वांत जुनी १९९९-२००० या शैक्षणिक वर्षाची आहे, सर्वांत अलीकडची २०१०-११ ची. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. संगणक शिकलो तो डीटीपीच्या दुकानात, लग्नपत्रिका जुळवता जुळवता. आणि माझा खरा नाद पोथ्यांचा. विद्यापीठाच्या अभ्यासक्रम पुस्तिकांवरून काय शिकवायचे ठरले होते ते समजते. वर्गात प्रत्यक्ष काय पोचले, मुलांनी कशाला काय समजून घेतले, याचा पुरावा या वह्यांखेरीज मला दुसरीकडे कुठे मिळाला नाही. त्यामुळे पोथी वाचावी तशा त्या वाचायच्या ठरवल्या.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले ते मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार शहरांत. चित्रांसकट वेब पाहता येईल अशा खात्याला वर्षाचे पंधरा हजार रुपये पडत, आणि तेही अडीचशे तासांचे. विद्यार्थ्यांसाठी पाचशे रुपयांचे खाते होते, पण त्यात नुसती अक्षरे दिसत. बीडला यातले काहीच नव्हते. जिल्ह्यातली जाळ्याशी जोडलेली जागा म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयातले राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र. १९७६ साली स्थापन झालेल्या या केंद्राचे निकनेट हे जाळे उपग्रहाच्या छत्र्यांवरून जिल्ह्याजिल्ह्यांत पोचले होते. ती छत्री अनेकांनी रस्त्यावरून पाहिली असेल. आत डोकावण्याचे मात्र विद्यार्थ्याला काही कारण नव्हते.

महाविद्यालये मात्र होती. मराठवाडा विद्यापीठ १९५८ चे. त्याआधी या भागातल्या मुलांना उच्च शिक्षणासाठी उस्मानिया विद्यापीठाकडे, हैदराबादकडे पाहावे लागे. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला, त्याच वर्षी सप्टेंबरात नांदेडला वेगळे विद्यापीठ निघाले, पण बीड जिल्हा त्या वेळच्या औरंगाबादलाच जोडलेला राहिला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ‘विनाअनुदानित’ या शिक्क्याखाली संगणकाचे पदवी अभ्यासक्रम तालुक्यांच्या गावांत आले. जुन्या इमारतीतली एक खोली मोकळी करायची, जाड पडदे लावायचे, चपला बाहेर काढायला लावायच्या आणि आत दहा-बारा संगणक मांडायचे, अशी ती प्रयोगशाळा. चपला का काढायच्या, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर कुणी दिलेले नाही.

या प्रयोगशाळांत इंटरनेट नसे, किंवा असलेच तर मुख्याध्यापकांच्या नाही तर प्राचार्यांच्या टेबलावरच्या एका संगणकाला. तरीही वेब शिकवता आले, याचे कारण एचटीएमएलच्या घडणीतच आहे. स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जी कल्पना मांडली आणि १९९१ साली लोकांपुढे ठेवली, तिच्यात पान म्हणजे निव्वळ अक्षरांची एक फाइल होती. मजकूर कुठे मथळा आहे, कुठे परिच्छेद, कुठे यादी, हे टोकदार कंसांतल्या खुणांनी सांगायचे. पहिल्या यादीत अशा खुणा अवघ्या अठरा होत्या. त्यांना विशेष यंत्र लागत नाही. विंडोजबरोबर फुकट येणारे नोटपॅड घ्यावे, त्यात लिहावे, फाइलला शेवटी ‘एचटीएम’ जोडावे आणि ब्राउझरमध्ये उघडावे. तार कुठेही जोडलेली नसली तरी पान दिसते. सर्नने ३० एप्रिल १९९३ रोजी हे तंत्र सर्वांना विनामूल्य खुले केले, त्यामुळे परवान्याचाही प्रश्न नव्हता. जावा शिकायचे तर सॉफ्टवेअर बसवावे लागे, डेटाबेस शिकायचा तर त्याहून जड. वेबपान मात्र एका फ्लॉपीत मावत असे.

शहरातला विद्यार्थी दुसऱ्याचे संकेतस्थळ उघडून ‘व्ह्यू सोर्स’ करी आणि त्यातून शिके. जगभरच्या स्वयंशिक्षित वेबकारांचा तोच गुरू. आपल्याकडे त्याची जागा संगणक मासिकांबरोबर येणाऱ्या सीडींनी आणि मागल्या वर्षीच्या जर्नलने घेतली. मागल्या वर्षीचे जर्नल हा या लेखातला महत्त्वाचा भाग आहे.

पोथ्यांचा अभ्यास करणाऱ्याला एक सवय लागते: शुद्ध पाठापेक्षा चुका आधी बघायच्या. दोन पोथ्यांत एकच चमत्कारिक चूक असेल तर त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरलेल्या असण्याची शक्यता मोठी. माझ्याकडच्या तीन वह्यांत, ज्या वेगवेगळ्या वर्षांच्या आहेत, तक्त्याला रेघ देणाऱ्या ‘बॉर्डर’ या शब्दाचे स्पेलिंग ‘ओ’नंतर एक जादा ‘ए’ घालून केले आहे. तिन्ही वह्या एकाच गावच्या. म्हणजे एक ‘मास्टर जर्नल’ त्या महाविद्यालयात वर्षानुवर्षे फिरत होते. इथवर गमतीचा भाग झाला. पण एचटीएमएलचा स्वभाव असा की ब्राउझरला न कळलेला शब्द तो मुकाट्याने सोडून देतो. चूक झाली असे सांगत नाही. त्यामुळे हे पान खरोखर संगणकावर उघडले असते तर तक्ता रेघांशिवायच दिसला असता. तिन्ही वह्यांच्या डाव्या पानावर मात्र तक्त्याच्या रेघा पट्टी लावून, टोकदार पेन्सिलीने, सुरेख काढलेल्या आहेत.

याचा अर्थ ते ‘आउटपुट’ पडद्यावरून उतरवलेले नव्हते. वहीवरून वहीत आले होते.

हे वाचून ‘म्हणजे सगळी फसवणूकच’ असे म्हणणारे भेटतात. मला ते घाईचे वाटते. एका संगणकावर तीन-चार मुले बसत. त्यात भारनियमन. २००५ नंतरची काही वर्षे ज्यांनी मराठवाड्यात काढली त्यांना वेगळे सांगायला नको. परळीचे औष्णिक वीज केंद्र आमच्याच जिल्ह्यात; पण तिथली वीज राज्याच्या तारांत जाई आणि प्रॅक्टिकलच्या तासाला खोलीतला पंखा थांबलेला असे. पुढे २०१३ च्या दुष्काळात तर पाण्याअभावी ते केंद्रच बंद पडले. कार्तिकात आईबाप ऊसतोडीला गेले की घर, म्हातारी माणसे आणि धाकटी भावंडे ज्या मुलामुलींच्या अंगावर पडत, त्यांची हजेरी कशी असणार? वह्यांतल्या तारखांवर विसंबू नये. त्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एकाच पेनाने, एका बैठकीत भरलेल्या असतात, आणि शिक्षकांच्या सह्याही तशाच ओळीने. मुलांना पडद्यासमोर जो वेळ मिळाला नाही तो त्यांनी वहीत भरून काढला, असे मी या वह्यांकडे पाहतो. आणि हाताने लिहिल्यामुळे उघडलेली खूण बंद करायची असते, आतली खूण बाहेरच्या खुणेच्या आधी बंद व्हायला हवी, ही शिस्त त्यांच्या बोटांत बसली. त्याच काळात फ्रंटपेजसारख्या साधनांनी वेबपान म्हणजे चित्र जुळवणे असे शिकलेल्या शहरी मुलांना ती बरेचदा माहीतच नसे. माझ्या दुकानात दोन्ही प्रकारची मुले कामाला होती, म्हणून हे बोलतो.

कोणती उदाहरणे दिली जात, तेही पाहण्यासारखे आहे. यादीसाठी फळांची नावे, तक्त्यासाठी महाविद्यालयाचे वेळापत्रक, फॉर्मसाठी प्रवेश अर्ज, दुव्यांसाठी ‘माझे गाव’ नाही तर ‘माझा जिल्हा’. जिल्ह्याच्या पानावर परळीचे वैजनाथ, बीडचे कंकालेश्वर, अंबाजोगाईची योगेश्वरी आणि मुकुंदराजांची समाधी ठरलेली. अंबाजोगाईच्या एका मुलीने दासोपंतांची पासोडीही घातली आहे. दासोपंतांनी (१५५१-१६१५) सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर ‘पंचीकरण’ लिहिले, मजकूर आणि आकृत्या एकमेकांत बसवत. ते वस्त्र अंबाजोगाईत जपलेले आहे. मजकूर कुठे, चित्र कुठे, वाचणाऱ्याची नजर कुठून कुठे जावी, हे शिकवायला पासोडीइतके चांगले साधन जिल्ह्यात दुसरे नव्हते, आणि अभ्यासक्रमात ते कुणाला सुचले नाही. पासोडीला वेबपानाची पूर्वज ठरवण्याचा मोह मात्र मी आवरतो. दिवाळी अंकांत अशी पूर्वजशोधने दरवर्षी पुष्कळ होतात.

आता भाषेकडे येतो. ‘माझे गाव’ या धड्याच्या उजव्या पानावर, खुणांच्या आत, मजकूर बहुधा इंग्रजी असतो किंवा रोमन अक्षरांतली मराठी. डाव्या पानावरच्या चौकटीत, चार वह्यांमध्ये, तोच मजकूर देवनागरीत लिहिलेला आहे. यंत्राला दिले रोमन, आणि पेन्सिलीने काढले देवनागरी. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा मी त्या चारही वह्या टेबलावर ओळीने उघड्या ठेवल्या आणि रात्रभर तशाच राहू दिल्या. तक्त्याच्या रेघांबाबत निघालेले अनुमान इथेही लागू आहे: डावे पान पडद्याची नक्कल नाही. तिथे विद्यार्थ्याने त्याला अपेक्षित असलेले पान काढले आहे, आणि ते मराठीत आहे.

यंत्रात मराठी का आली नाही? तांत्रिक उत्तर थोडे सविस्तर द्यायला हवे. त्या काळी संगणकावर मराठी दिसे ती फॉन्टच्या युक्तीने. रोमन अक्षराच्या जागेवर देवनागरी आकार बसवलेला असे. ‘मराठी’ हा शब्द क्रुतिदेवमध्ये टंकला तर फाइलमध्ये साठतात ती ई, जे, के, मोठा बी आणि एच ही अक्षरे. शुषा या फॉन्टमध्ये तोच शब्द एम, ए, आर, ए, झेड, मोठा आय असा साठतो. श्री-लिपीची मांडणी आणखी निराळी. छापायचे असेल तर काही बिघडत नाही. पत्रिका कागदावर उतरली की आत काय साठले होते ते कुणी विचारत नाही. वेबपान मात्र दुसऱ्याच्या संगणकावर उघडायचे असते. तिथे तो फॉन्ट नसेल तर निव्वळ कचरा दिसतो. मराठी दैनिकांच्या त्या काळातल्या संकेतस्थळांवर ‘फॉन्ट उतरवून घ्या’ अशी सूचना असे, ती याचसाठी.

माझ्याकडच्या एका वहीत ही युक्ती शाईने उतरवलेली आहे. फॉन्टची खूण, तीत क्रुतिदेवचे नाव, आणि पुढे चार ओळींभर अर्थहीन रोमन अक्षरे, एकेक काळजीपूर्वक, लहान-मोठी सांभाळून लिहिलेली. मला ती टंकलेखनाच्या सवयीने वाचता आली: गावाचे नाव, तालुका, जिल्हा आणि ‘आपले स्वागत आहे’. लिहिणाऱ्याने शेजारी पेन्सिलीने एक शब्दही समजावून दिलेला नाही.

खरे तर दार उघडलेले होते. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासूनच स्वतःची जागा होती, आणि ती आपल्या इस्की या भारतीय प्रमाणावरून बेतलेली होती. डिसेंबर १९९७ मध्ये आलेल्या एचटीएमएल ४.० ने जगातल्या सर्व लिप्यांचा तोच संच पानांसाठी आधार मानला, पान कोणत्या भाषेत आहे हे नोंदवण्याची सोय दिली आणि ‘फॉन्ट’ व ‘सेंटर’ या खुणा वापरू नका, सजावट वेगळ्या शैलीपत्रात ठेवा, असे सांगितले. शैलीपत्राचे पहिले प्रमाण, सीएसएस, त्याच्या वर्षभर आधीचे. पण प्रयोगशाळांत विंडोज ९८ होते, ज्याला देवनागरीची जोडाक्षरे धड जुळवता येत नसत. एक्सपी आल्यावरही सेटिंगमध्ये एका चौकटीवर खूण करून मूळ सीडी घालावी लागे, तेव्हा मराठी उमटे. आणि मूळ सीडी कुणाकडे असणार? त्यामुळे २०१० च्या वहीतही ‘फॉन्ट’ आणि ‘सेंटर’ आहेतच. शासनाच्या किंवा विद्यापीठाच्या माथी सगळे मारता येणार नाही. पण भाषा नोंदवण्याच्या त्या एका ओळीला वीज लागत नव्हती, इंटरनेट लागत नव्हते, सीडीही लागत नव्हती. ती वहीत लिहून घेता आली असती. सतरांपैकी एकाच वहीत ती आहे. तेवढे न शिकवल्याबद्दल मात्र मी त्या काळच्या शिक्षणाला दोष देतो.

मराठीच्या स्वतःच्या अडचणीही होत्या. ‘ॲ’ हे अक्षर, ज्याच्यावाचून आपल्याला ‘ॲसिड’ किंवा ‘ॲडमिशन’ लिहिता येत नाही, युनिकोडमध्ये २००८ साली दाखल झाले. विंडोजच्या मंगल फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसत. मराठी वळणाचा आग्रह शासनाने २००९ च्या निर्णयात धरला. दरम्यान ज्यांना मराठीत लिहायचेच होते ते थांबले नाहीत. अमेरिकेतून मायबोली १९९६ सालीच सुरू झाली होती आणि मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी. मात्र त्यात आमच्या भागातली मुले उशिरा आली. २००१ साली स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटीने गावोगाव माउस हातात दिला. नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागत असल्याने गर्दीही झाली. पण तो वापरणाऱ्याचा अभ्यासक्रम होता. पान बांधणे पदवीच्या वर्गात राहिले आणि पदवीच्या वर्गात मराठी नव्हती.

या मुलांनी प्रत्यक्ष इंटरनेटवर चढवलेल्या पानांचे काय झाले? जी थोडी चढली ती सायबर कॅफेतून, जिओसिटीजसारख्या फुकट जागांवर. याहूने १९९९ साली विकत घेतलेली जिओसिटीज ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झाली. इंटरनेट आर्काइव्हने आणि काही हौशी मंडळींनी त्यातले बरेच वाचवले, पण ज्या पानाकडे बाहेरून एकही दुवा जात नाही ते शोधायचे कसे? फ्लॉपींवरचे तर विसराच. माझ्याकडे आलेल्या तीन फ्लॉपींपैकी एकही वाचता आली नाही. जिल्ह्याचे शासकीय संकेतस्थळसुद्धा निकच्या पत्त्यावरून आजच्या पत्त्यावर आले, नव्या साच्यात बसले, आणि जुनी पाने मागे पडली. कागद टिकला, आणि तोही रद्दीच्या भावाने विकला जातो. रद्दीवाला पुठ्ठा वेगळा काढतो, पाने वेगळी. जर्नलची पाने जाड असतात म्हणून भेळवाल्यांना आवडतात. महाविद्यालये ती परीक्षेनंतर वर्षभर ठेवतात आणि मग जागा करतात. मी विचारत राहतो. १९९८ ते २००५ या काळातल्या वह्या कुणाच्या माळ्यावर असतील तर त्या फेकण्याआधी आतली डावी पाने तरी पाहावीत.

शेवटी एका वहीबद्दल. ती माजलगावच्या बाजूची, २००३-०४ सालची. सिंदफणेवरच्या धरणात ज्यांची मूळ गावे गेली आणि जी वर माळावर नव्याने वसली, त्यांपैकी एका गावचा हा विद्यार्थी. ‘माझे गाव’ या पानावर त्याने पाच दुवे दिले आहेत: शाळा, मंदिर, बाजार, धरण आणि जुने गाव. दुव्याखाली निळी रेघ असते, म्हणून पेन्सिलीच्या चित्रात तेवढी निळ्या पेनाने ओढली आहे. उजव्या पानावर पाचही फाइलींची नावे बरोबर लिहिलेली आहेत, एकही खूण उघडी राहिलेली नाही. पुढच्या पानांवर शाळेचे पान येते, मग मंदिराचे, बाजाराचे आणि धरणाचे. त्यानंतर बाह्य परीक्षकांची लाल सही आणि तारीख आहे. जुन्या गावाची फाइल वहीत कुठेच नाही.